मूत्रपिंडावाटे प्रमोशन

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. किडनीवर संशोधन करायला किडनीविषयी कुतूहल लागतं, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल. सांगणारा बहुधा बेंगळुरूचा असणार. आपण पुण्यात संशोधन करतो ते असोसिएट प्रोफेसर होण्यासाठी, आणि त्याला लागतात पेपर, म्हणजे छापून आलेले शोधनिबंध. किडनी मध्ये आली ती निव्वळ सोय म्हणून. हे पेशंट आयते मिळतात. डायलिसिसवाले आठवड्यातून दोन-तीनदा न बोलावता येतात आणि चार-चार तास मशीनला जोडलेले असतात, उठून कुठे जाणार? त्याआधीच्या टप्प्यातले दर महिन्याला ओपीडीत रांग लावतात. रक्त तसंही काढायचंच असतं, दोन मिली जास्त काढलं तर कुणी विचारत नाही. नेफ्रॉलॉजीकडे वळण्याचं याहून उदात्त कारण मला आजवर सापडलेलं नाही.

विषय निवडताना डोकं चालवू नका. किडनीच्या बाजूला अधिकचं चिन्ह मांडा आणि रक्तात जे जे सापडतं ते एकेक जोडत जा. किडनी अधिक व्हिटॅमिन डी, किडनी अधिक थायरॉइड, किडनी अधिक युरिक ॲसिड, किडनी अधिक मॅग्नेशियम. हे सगळं आधी झालंय का ते पाहायचं असेल तर कॉलेजच्या लायब्ररीत जा. काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरांचे, अप्पा बळवंत चौकात बांधून घेतलेले थिसिस तिथे भिंतभर उभे असतात. ज्याच्यावर धूळ जाड आहे तो उचला. ज्याच्यावरची धूळ पुसलेली दिसेल त्याला हात लावू नका, तो तुमच्याआधी कुणीतरी वापरलाय. शीर्षक 'पश्चिम महाराष्ट्रातील एका टर्शरी केअर रुग्णालयातील' असं सुरू करा. पुढे काय लिहिता त्याला तितकंसं महत्त्व नाही.

प्रस्तावनेचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: दीर्घकालीन मूत्रपिंड विकार ही जगभर वाढत चाललेली समस्या आहे. हे वाक्य न लिहिता पेपर छापून आणलेला माणूस मला भेटलेला नाही. त्यानंतर नेफ्रॉलॉजीच्या संपादकाला किडनीची ओळख करून द्या, जणू तो बिचारा आजवर घशाचा डॉक्टर होता. एका किडनीत सरासरी दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे बारीक गाळण्या, दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर गाळतात आणि त्यातलं जेमतेम दीड-दोन लिटर बाहेर टाकतात. जो अवयव एवढं गाळून इतकं थोडं बाहेर टाकतो, त्याच्यावर आपण काहीच न गाळता इतकं का बाहेर टाकतो, हा प्रश्न मात्र प्रस्तावनेत नको.

एथिक्स कमिटीचं फार मनावर घेऊ नका. मराठी संमतीपत्र लागतं, तेवढं जोडा. 'सदर अभ्यासामध्ये सहभागी होणेकामी माझी कोणतीही हरकत नसून' अशी भाषा असली म्हणजे पेशंट दुसऱ्या ओळीला अंगठा शोधू लागतो. पण सावध राहा. माझ्या अभ्यासात नारायणगावचे एक काका होते, अनुक्रमांक ४३. पहाटेच्या एसटीने वाकडेवाडीला उतरून आले होते. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही पानं वाचली आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, ह्याच्यात माझं काय निघालं ते मला कळवणार ना?" कळवणार असं कलम सातमध्ये छापलेलंच होतं. मी हो म्हणालो. असे पेशंट शक्यतो घेऊ नयेत.

आता गाभ्याचा भाग, इथे जरा थांबतो. किडनीचा विकार 'दीर्घकालीन' म्हणायचा तर बिघाड किमान तीन महिने टिकलेला असावा लागतो. हे जगभर मान्य आहे. परीक्षेत तुम्हीही हेच लिहून पास झालात. म्हणजे आज रक्तातलं क्रिएटिनिन, किडनीने गाळून टाकायचा कचरा, वाढलेलं दिसलं तर तीन महिन्यांनी पुन्हा बघावं लागतं, कारण जुलाब होऊन पाणी कमी पडलेल्या माणसाचं किंवा गुडघेदुखीवर चार दिवस पेनकिलर चघळलेल्या माणसाचंही ते वाढतं आणि नंतर खाली येऊ शकतं. पण तीन महिने कुणाकडे आहेत? रेसिडेंटची, म्हणजे शिकाऊ डॉक्टरची, पोस्टिंग बदलते, किट संपतात, पेशंटला सोयाबीन काढायचं असतं. म्हणून एकदाच रक्त काढा आणि त्याला दीर्घकालीन म्हणा. एका क्षणात दीर्घकाळ पाहण्याची ही दृष्टी पूर्वी फक्त शनिवारवाड्याच्या पटांगणात बसणाऱ्या ज्योतिष्यांकडे होती.

क्रिएटिनिन आलं की त्यावरून किडनी किती टक्के चालते ते सूत्राने काढायचं. सूत्रं भरपूर आहेत, ही विज्ञानाची तुमच्यावर मेहेरबानी आहे. १९७६ चं कॉक्रॉफ्ट-गॉल्ट आहे, अवघ्या २४९ पेशंटांवर बेतलेलं आणि त्यात बाया जवळपास नव्हत्याच. १९९९ चं एमडीआरडी आहे. २००९ चं सीकेडी-ईपीआय आहे आणि त्याचीच वंशाचा गुणक काढून टाकलेली २०२१ ची आवृत्ती आहे. सगळी परदेशात जन्मलेली. क्रिएटिनिन येतं स्नायूंतून, त्यामुळे आपल्याकडच्या काटकुळ्या, वरणभातावर जगलेल्या आजींची किडनी प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कागदावर ठणठणीत दिसू शकते. पण त्यात शिरू नका. तुम्ही चारही सूत्रं एक्सेलमध्ये टाका आणि ज्याने पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येते, म्हणजे निकाल योगायोगाचा नाही असं म्हणायची सोय होते, ते सूत्र 'आम्ही निवडलं' असं लिहा. पेशंट तोच, रक्त तेच, पण एका रकान्यात तो तिसऱ्या टप्प्यात आणि शेजारच्या रकान्यात दुसऱ्यात. बायकोला न सांगता माणसाची तब्येत सुधारण्याचा एवढा स्वस्त मार्ग दुसरा नाही.

सॅम्पल साइज शंभर. का शंभर, हे विचारू नये. चार पी क्यू भागिले एल वर्ग हे सूत्र स्टॅटिस्टिक्सचे सर देतील, त्यातला एल, म्हणजे चालवून घ्यायची चूक, थोडा थोडा हलवत राहा, उत्तर शंभर आलं की थांबा. पन्नास केसेस, आणि तुलनेला पन्नास कंट्रोल्स. निरोगी कंट्रोल्स म्हणून वॉर्डबॉय, होस्टेलची पोरं आणि मेसचा आचारी चालतो. आचाऱ्याचं लिपिड मात्र आधी बघून घ्या.

लेखकांची नावं हा प्रकार लग्नपत्रिकेसारखा हाताळावा लागतो. लेखक कुणाला म्हणायचं याच्या आंतरराष्ट्रीय संपादकांनी चार अटी घातल्यात: कामात भरीव वाटा, मजकुराच्या लेखनात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि सगळ्याची जबाबदारी. चारही एकदम पूर्ण व्हायला हव्यात, अशी त्यांची अपेक्षा आहे. अपेक्षा ठेवायला कुणाची ना नाही. २०१५ मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने प्रमोशनसाठी पहिल्या दोनच लेखकांची नावं धरायची ठरवली आणि कित्येक डिपार्टमेंटमध्ये भाऊबंदकी सुरू झाली. २०२० मध्ये पहिले तीन किंवा पत्रव्यवहाराचा लेखक अशी सूट मिळाली, तेव्हा कुठे चहा पुन्हा एकत्र होऊ लागला. तर क्रम असा: सगळ्यात वर एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, ते निमंत्रक. मग गाइड, मग ज्यांचं प्रमोशन यंदा अडकलंय ते मामा. ज्यांनी मशीन वापरू दिलं त्या बायोकेमिस्ट्रीच्या मॅडम 'आमचेकडील' म्हणून. आणि ज्याने शंभर लोकांचं रक्त काढलं, नळ्या सायकलवरून लॅबमध्ये पोचवल्या, रात्री दोनला एक्सेल भरलं, त्या रेसिडेंटला अगदी खाली, 'आमच्या काकांच्या लग्नाला यायचं हं' तिथे.

एका अभ्यासाचा एकच पेपर करणं हा उधळेपणा आहे. देवळातल्या नारळाची शेरणी वाटतात तसं करावं. पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा, मधुमेहवाल्यांचा वेगळा, रक्तदाबवाल्यांचा वेगळा. खोबरं किती उरलं ते पाहू नका, हात किती पुढे आलेत ते पाहा.

उचलेगिरीबद्दल एकच सांगतो. २०१८ च्या नियमाने दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे. बाकीचे नव्वद टक्के शब्द बदलून देणारी यंत्रं मिळतात, पण ती इमानी नोकरासारखी प्रत्येक शब्द बदलतात. 'किडनी निकामी' म्हटलं की ती 'मूत्रपिंडाची निराशा' करून आणतात. फ्रान्समधल्या गीयोम काबानाक आणि त्यांच्या साथीदारांनी २०२१ मध्ये अशा छळलेल्या शब्दांवरून बनावट पेपर हुडकायला सुरुवात केली, तेव्हा 'स्तनाचा कर्करोग' याचं 'छातीवरचं संकट' झालेलं त्यांना आढळलं होतं. तरी निराश मूत्रपिंड मला आवडतं. आमच्या युनिटमध्ये अशी बरीच आहेत.

आता नियतकालिक. तुम्ही ते शोधायचं नसतं, ते तुम्हाला शोधतं. सकाळी मेल उघडली की 'आदरणीय प्राध्यापक, आपला बहुमोल लेख आम्हांस मिळावा' असं पत्र येऊन पडलेलं असतं. सख्ख्या सासऱ्यांनी कधी असं संबोधलेलं नसतं, त्यामुळे डोळे पाणावतात. अठ्ठेचाळीस तासांत परीक्षण, बहात्तर तासांत प्रसिद्धी, मग फीचा आकडा डॉलरमध्ये आणि भारतीय लेखकांना खास सवलत. दसऱ्याला लक्ष्मी रोडवरसुद्धा इतकी सूट मिळत नाही. संपादक मंडळात एक मृदाशास्त्रज्ञ आणि एक दंतवैद्य असतील. किडनी जमिनीपासून तोंडापर्यंत सगळ्यांना जोडणारा अवयव आहे, असं समजून चालायचं.

शंका असेल तर २०१७ ची गोष्ट ऐका. अमेरिकेतल्या एका माणसाने मूत्रविकार आणि नेफ्रॉलॉजीच्या अशाच एका नियतकालिकाला केस रिपोर्ट, म्हणजे एका पेशंटची हकीकत, पाठवला. आजार कुठला, तर टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेत पार्किंगमध्ये लघवी करताना पकडलं गेलेलं पात्र बचावासाठी जो आजार रचून सांगतं, तो. रोखून धरली तर जीवच जाईल, असा. लेखकाचं नाव खोटं, संस्था खोटी, आजार तर खोटाच. छापून आला, किडनी निकामी झाल्याच्या उल्लेखासह. मला यात वाईट वाटलं ते एवढ्याचंच की हा आजार पुण्यात 'येथे लघवी करू नये' लिहिलेल्या प्रत्येक भिंतीपाशी रोज आढळतो, आणि पहिला केस रिपोर्ट मात्र अमेरिकेतून गेला.

पुण्याचा या बाबतीत दुसरीकडून मात्र नावलौकिक आहे, आणि तो लपवून काय उपयोग. गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या मंडळींनी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांच्या शिफारशीने घुसलेली १००९ नियतकालिकं तपासली आणि २०१८ मध्ये निकाल छापला: ८८ टक्क्यांहून अधिक सुमार असू शकतात. कुणाचा पत्ता नाही, कुणाचे संपादक नाहीत, कुणाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकाच्या वजनाचा आकडा, घरीच लाटलेला. त्याच वर्षी आयोगाने चार हजारांवर नियतकालिकं यादीतून उडवली. पुढे केअर नावाची नवी यादी आली, तिचा कारभारही इथूनच चालायचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादीच बंद केली आणि ज्याने त्याने आपापलं पाहावं असं ठरलं. आपण वैद्यकीयवाले, आपला आयोग वेगळा, आपल्याला काय त्याचं. पण विद्यापीठाच्या गेटावरून जाताना मी मान खाली घालतो, तेवढी लाज बाळगावी.

चुकून तुम्ही खऱ्याखुऱ्या नियतकालिकाकडे गेलात, तर मात्र तुमच्या नशिबी रिव्ह्यूअर नंबर दोन आहे. पहिला म्हणतो, छान. दुसरा सात महिने गप्प राहतो आणि मग सतरा मुद्दे पाठवतो. प्रत्येकाचं उत्तर 'आम्ही मान्यवर परीक्षकांचे अत्यंत ऋणी आहोत' असं सुरू करून काहीच बदलू नये. माझ्या सतरापैकी सोळा मुद्दे स्वल्पविरामांचे होते. सतरावा होता, तीन महिन्यांनी क्रिएटिनिन पुन्हा का तपासलं नाही? एकच ओळ. मी ती रात्री तीन वेळा वाचली. मग लिहिलं की पेशंट पाठपुराव्याला येत नाहीत, सबब ही अभ्यासाची मर्यादा समजावी. संपादकांना पटलं नाही. अठ्ठेचाळीस तासवाल्यांना लगेच पटलं.

पेपर निघाला, फाइलला लागला, प्रमोशनही झालं. पेढे चितळ्यांचे वाटले. त्यानंतर चारेक महिन्यांनी केबिनच्या दारात नारायणगावचे काका उभे. हातात कापडी पिशवी, पिशवीत सुनेने अक्षर काढून लिहिलेली शाळेची वही. गावातल्या लॅबमध्ये स्वतःच्या पैशाने दर तीन महिन्यांनी त्यांनी क्रिएटिनिन करून घेतलं होतं. तारीख, आकडा, त्या महिन्यात कुठली गोळी चालू होती, सगळं ओळीत. चार नोंदी.

"तुम्ही कळवणार होता. म्हटलं, टपाल चुकलं असंल, आपणच जावं."

मी त्यांना संगणकावर पेपर दाखवला. दुसऱ्या तक्त्यातल्या अधिक-उण्याच्या चिन्हावर बोट ठेवून म्हणालो, काका, तुम्ही इथे आत आहात, सरासरीत. त्यांनी बराच वेळ त्या चिन्हाकडे पाहिलं. मग वही पुढे सरकवली. मी म्हणालो, "काका, तो अभ्यास संपला आता."

"माझा चालूच हाय की," ते म्हणाले.

अशा वेळी गडबडून जाऊ नये. वही आदराने परत द्यावी आणि जिना उतरून डावीकडे केसपेपरची खिडकी आहे, ती साडेबाराला बंद होते, एवढं सांगावं.