नाकाची तोंडी परीक्षा

जावयाबरोबर बसायचं नाही, हा आमच्या घराण्याचा नियम. पण नियम साताऱ्याचा आणि जावई बेल्जियममध्ये, ल्युव्हेनला. एका शनिवारी "बाबा, चला, गंमत दाखवतो" म्हणून त्याने मला लिएजच्या गाडीत बसवलं, तेव्हा नियमाला व्हिसा मिळालेला नव्हता. हिला सांगितलं, चर्च बघायला चाललोय.

चर्च म्हणजे दारूच्या दुकानामागची खोली निघाली. टेबलावर ट्यूलिपच्या आकाराचे चिमुकले ग्लास, पाण्याचा जग आणि डोळ्यांत औषध घालायचा असतो तसा ड्रॉपर. शेंगदाणे नाहीत, चकली नाही, सोडा नाही. समोर शेरीच्या पिंपात मुरलेली बेल्जियन सिंगल माल्ट व्हिस्की.

"बेल्जियम बिअरचा देश ना रे?" असं मी विचारलं, हीच चूक. जावई सुरूच झाला. १९१९ च्या कायद्याने इथल्या कॅफेंमध्ये कडक दारू विकायला बंदी होती, ती थेट १९८० च्या दशकात उठली. आता मात्र व्हिस्की गाळणं जोरात आहे. स्कॉटलंडमधली कॅपरडॉनिक नावाची भट्टी २००२ मध्ये बंद पडली, तर तिची तांब्याची भांडी लिएजजवळच्या 'बेल्जियन आऊल' व्हिस्कीवाल्यांनी आणून बसवली. (जुन्या बाजारातून बंब आणणारे आम्ही उगाच ओशाळतो.) युरोपातल्या नियमाप्रमाणे व्हिस्कीला लाकडी पिंपात किमान ३ वर्षं काढावी लागतात. आणि शेरीचं पिंप म्हणजे ज्यात आधी शेरी, म्हणजे स्पेनची कडक वाइन, नांदून गेली, ते. हे मला लगेच पटलं. आमच्याकडेही श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात तूरडाळ राहते. फक्त त्या डाळीचे आम्ही जास्त पैसे लावत नाही.

मग यजमानाने हुकूम सोडला : प्यायची नाही, हुंगायची. तोंड किंचित उघडं ठेवून. दाताच्या डॉक्टरकडे बसतात तसे आठ जण आ वासून ग्लासात नाक घालून बसलो. एकाला जुनं चामडं सापडलं. एका बाईंना अंजीर, मग अक्रोड, मग "पाऊस पडून गेल्यावरचं लाकूडकोठार". माझी पाळी आली.

"मला दारूचा वास येतोय," मी म्हणालो.

जावयाने त्याचं फ्रेंच भाषांतर केलं. ते माझ्या वाक्याच्या चौपट लांब होतं, म्हणजे पदरचं बरंच घातलं असणार. यजमानाने कनवाळूपणे माझ्या ग्लासात दोन थेंब पाणी टाकलं आणि पुन्हा हुंगायला लावलं. नापासांची फेरपरीक्षा.

आणि एकदम आजी आली. जेवण झालं की फडताळातून तपकिरी बाटली काढायची, चांदीच्या चमच्याने मोजून घ्यायची आणि आम्हाला झाकणही हुंगू द्यायची नाही.

"द्राक्षासव!" मी ओरडलो.

जावई अडखळत म्हणाला, मनुका आंबवून करतात, आयुर्वेदात असतं. यजमान खुर्चीतून उठलाच. हे पिंप पेद्रो हिमेनेसचं होतं, आणि ती शेरी उन्हात वाळवलेल्या द्राक्षांचीच करतात! चामडंवाले गृहस्थ माझ्याकडे आदराने बघू लागले. लगेच दुसरा ग्लास पुढे आला. माझ्याकडचा साठा मर्यादित असल्यामुळे मी च्यवनप्राश म्हणालो, तिसऱ्याला त्रिफळा. तिन्ही त्यांनी वहीत लिहून घेतले. एकाने स्पेलिंग विचारलं.

पिण्याचं म्हणाल तर एकूण जेमतेम एक पेग झाला असेल. जिभेवर गोड, घशात गरम, आणि चखण्याअभावी अनाथ.

रात्री ल्युव्हेनला पोचलो. दार हिनेच उघडलं. ग्लास नाही, ड्रॉपर नाही, तोंडही उघडं ठेवलं नाही; नुसती एकदा नाकाने हवा ओढली.

"चर्चमध्ये द्राक्षासव देतात वाटतं?"

जावई बूट काढायला खाली वाकला तो वर येईना.

"हो," मी म्हणालो, "दोन चमचे. समभाग पाण्याबरोबर."