‘त्या पोरांना शाळेची आवडच नसते’ म्हणणाऱ्यांनो

आज पुन्हा ऐकलं. ऊसतोड्यांची पोरं म्हणे शिकायलाच नको म्हणतात. बोलणारे शिकलेसवरलेले, चहात खारी बुडवत.

सकाळीच साखर कारखान्याजवळच्या ऊसतोड्यांच्या तळावर एक ९ वर्षांची पोर दिसली. आईबाप पहाटे ४ लाच उसाच्या फडात. कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, बांबूला लुगड्याची झोळी, झोळीत ८ महिन्यांचा भाऊ. एका हाताने झोका, दुसऱ्याने चुलीत पाचट सारणं. बाळ रडलं की काळ्या चहात बुडवलेलं बिस्कीट. या वयात अंगावरच्या दुधासोबत दिवसातून २-३ वेळा मऊ खिचडी, घट्ट वरणभात आणि वर थोडं तेल लागतं. इथे पोट भरतंय चहावर, आणि चहामुळे अन्नातलं लोहसुद्धा नीट अंगी लागत नाही. आईला दोष देणार? मोळ्या गाडीत चढल्याशिवाय तिची सुटका नाही.

आईबाप तोडणीला गेले की मागे राहणाऱ्या पोरांसाठी गावी हंगामी वसतिगृहं असतात की, असं म्हणाल. असतात, मान्य. पोर तिथे जेवून, आजीजवळ राहून शाळेत गेली असती. पण झोळीतल्याला कोण बघणार? कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दोघांवर घेतलेली. बाळाला पाळणाघर नाही म्हणून हिची शाळा सुटली. एवढं साधं आहे!

१९४८च्या कारखाना कायद्यात ३० हून जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर सक्तीचं केलं होतं. पण तोडणीवाल्या बायका मुकादमाच्या, म्हणजे मजूर आणणाऱ्याच्या; कारखान्याच्या हजेरीपटावर नाहीतच. झालं, हात झटकले. ट्रॅक्टरवाल्या टोळ्या फडामागे फिरतात, त्यांचं अवघड आहे, कबूल. बैलगाडीवाले तर हंगामभर एकाच तळावर असतात ना? तिथे एक पत्र्याची खोली, दोन बायका आणि पहाटे ४ ला उघडणारं दार एवढंच हवंय. अंगणवाडी १० ला उघडून यांना काय उपयोग?

गावाकडच्या अंगणवाडीताईंनो, कुटुंब निघायच्या आधी पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या मोबाइल अ‍ॅपवर, स्थलांतराची नोंद करा, आणि बाळाचं लसीचं कार्ड आईच्या पिशवीत गेलंय ना, तेवढं बघा. गुरुजी, दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून असलेलं शिक्षण हमी कार्ड पोरांच्या हातात द्या, कपाटात नको.

मघापासून ती पोरच डोळ्यापुढे आहे. बाळ ‘आ’ म्हणालं की ही ‘आ’ म्हणते, थांबते, त्याच्या तोंडाकडे बघते. मेंदूच्या वाढीला नेमकं हेच लागतं, आणि तिला कुणी शिकवलेलं नाही. तिच्या ‘आ’ला ओ देणारं मात्र तिथे कुणी नसतं.

पुढच्या महिन्यात बाळाला ९ महिने भरतील, गोवर-रुबेलाचा पहिला डोस. कार्ड गावी पेटीत राहिलंय. मागची सुई कधी टोचली ते त्या पोरीनेच सांगितलं, वारासकट.