"कुणी जबरदस्ती केली होती का?" या फॉरवर्डला माझं उत्तर

गेले आठ-दहा दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा आला, माहेरच्या ग्रुपवर आला, ऑफिसमधल्या एका मॅडमनी स्टेटसला पण ठेवला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बर्गर-पिझ्झा-कोल्ड्रिंकवाल्या कंपन्यांना लठ्ठपणाबद्दल नावं ठेवू नका, कुणी जबरदस्तीने खायला घातलं होतं का? आधीच्या पिढीला संयम होता, आताच्या आईबापांना मुलांना नाही म्हणता येत नाही, अमेरिकेतल्या कोर्टाने पण अशी केस फेटाळली, बारीक व्हायचंय तर व्यायाम करा, आणि वडापाव चालतो तर बर्गरने काय घोडं मारलंय. शेवटी मोठ्या अक्षरात "आपलं पोट, आपली जबाबदारी".

मी यावर गप्प बसू शकत नाही, कारण मी कॉलेजला असताना दोन वर्षं एका बर्गरच्या चेनमध्ये काउंटरला उभी होते. नाव लिहीत नाही, त्या फूड कोर्टमधल्या बाकीच्या काउंटरवर पण हेच चालायचं.

तर जबरदस्तीचा मुद्दा आधी. जबरदस्ती नव्हतीच, पण आम्हाला बोलायला शिकवलं होतं. "मोठं हवंय का?" असं विचारायचं नाही, कारण त्यावर माणूस पटकन नाही म्हणतो. म्हणायचं, "मील करते ना सर? फ्राइज लार्ज करते, फक्त तीस रुपये जास्त." आत लॉकरपाशी एक बोर्ड होता, त्यावर प्रत्येकाचं नाव आणि आजच्या शिफ्टला किती जणांना मोठं घ्यायला लावलं तो आकडा, आणि ज्याचा आकडा कमी त्याला मॅनेजर सगळ्यांसमोर विचारायचा. एक गृहस्थ अजून डोळ्यासमोर आहेत, हातात डब्याची पिशवी, बरोबर सात-आठ वर्षांचा मुलगा, एकच साधा बर्गर मागितला त्यांनी. मी ठरलेलं वाक्य बोलले, त्यांनी मागच्या लाइनकडे बघितलं, मग मुलाकडे बघितलं, पाकिटात परत एकदा बोट घातलं आणि म्हणाले "बरं, कर." मेसेज लिहिणारा म्हणेल त्यांनी स्वतः निवडलं, आणि निवडलं ते खरंच, पण ती निवड कुठे वळवायची हे कुणीतरी पगार घेऊन आधीच ठरवलेलं होतं आणि वळवायचं काम मी केलं.

हे काही आमच्या मॅनेजरच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. अमेरिकेत डेव्हिड वॉलरस्टीन नावाचा माणूस थिएटरच्या धंद्यात होता, त्याच्या लक्षात आलं की लोक पॉपकॉर्नचं दुसरं पाकीट घेत नाहीत, हावरट दिसू अशी लाज वाटते, पण तेच मोठ्या डब्यात दिलं तर एका वेळी घेतात आणि संपवतात. पुढे तो मॅकडॉनल्ड्सच्या बोर्डावर गेला आणि मोठे फ्राइज आणायचा आग्रह त्यानेच धरला. म्हणजे माणसाचा संयम नेमका कुठे असतो ते शोधलं आणि त्याला बाजूने वळसा घातला.

आता "आधीच्या पिढीला संयम होता". बरं, आधीची पिढी सोडा, जवळचंच बघू. सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ ला वजन जास्त असलेल्या बायका २०.६ टक्के होत्या, २०१९-२१ ला २४ टक्के. पुरुष १८.९ वरून २२.९. शहरात तर दर तिघींमागे एक. चार-पाच वर्षांत अख्ख्या देशाचा संयम एकदम संपला का? माणसं तीच होती, आजूबाजूला मिळणारं खाणं बदललं.

आणि खाण्याने काय होतं ते २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी तपासलं. वीस जणांना तिथेच राहायला ठेवलं, दोन आठवडे कारखान्यात बनवलेलं पाकीटबंद प्रकारचं जेवण, दोन आठवडे घरच्यासारखं साधं. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या ताटातली साखर, फॅट, फायबर, कॅलरी जुळवलेल्या, आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलेलं. कारखान्यातल्या जेवणावर तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलो वाढली, साध्या जेवणावर तेवढीच उतरली. आता यात संयमी कोण आणि बेशिस्त कोण ते सांगा मला.

शिवाय आपली शरीरं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा दोघांचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांच्या २१.२. म्हणजे आपण दिसायला बारीक असतो तेव्हाही आत चरबी साठलेली असते, डायबेटिस आपल्याला कमी वजनावर गाठतो. ज्या खाण्याने गोऱ्या माणसाचं थोडं बिघडतं त्याने आपलं जास्त बिघडतं, आणि हे दुकानात कुठेही लिहिलेलं नसतं.

आईबापांचा मुद्दा वाचून मला खरंच राग आला. आमच्या खालच्या किराणा दुकानात पाच रुपयांच्या चिप्सच्या पुड्यांच्या माळा कुठे लटकतात ते बघा, माझ्या खांद्याला लागतात आणि माझ्या मुलीच्या बरोबर नाकासमोर येतात. पाच रुपयांत एक केळं मिळायची मारामार. सात पंचविसची लोकल पकडून निघालेली आई रात्री साडेआठला घरी येते, तिने दिवसातून किती वेळा नाही म्हणायचं? ती एकदा नाही म्हणते, मग टीव्ही हो म्हणतो, फोनवरचा गेम हो म्हणतो, पुडीतलं खेळणं हो म्हणतं. दक्षिण अमेरिकेतल्या चिली या देशात २०१६ पासून जास्त साखर-मीठ-फॅट असलेल्या पाकिटावर काळा अष्टकोनी शिक्का लागतो आणि त्यावर मुलांना भुलवणारी कार्टून छापायला बंदी आहे. पुढच्या दीडेक वर्षात तिथे गोड पेयांची खरेदी जवळपास चोवीस टक्क्यांनी कमी झाली. चिलीतले आईबाप एका रात्रीत जास्त कडक झाले असतील असं मला तरी वाटत नाही.

कोर्टाचं अर्धंच सांगितलंय. न्यूयॉर्कमधल्या दोन मुलींच्या वतीने मॅकडॉनल्ड्सवर २००२ मध्ये केस झाली, न्यायमूर्ती स्वीट यांनी २००३ मध्ये फेटाळली, इथपर्यंत बरोबर. पण त्याच निकालात त्यांनी चिकन नगेट्सला "मॅकफ्रँकेन्स्टाइन" म्हटलं होतं, म्हणजे घरचा स्वयंपाकी कधी वापरणार नाही अशा गोष्टी जोडून तयार केलेला प्रकार. वरच्या कोर्टाने २००५ मध्ये त्या केसचा काही भाग परत उभा केला. शेवटी २०१० मध्ये त्यांच्यासारख्या सगळ्यांच्या वतीने एकत्र केस चालवायला परवानगी मिळाली नाही आणि ती तिथेच थांबली. त्या मुलींना नुकसानभरपाई मिळावी असं माझंही म्हणणं नाही, पण केस हरली म्हणून कंपनी निर्दोष असं होत नाही ना.

व्यायाम करा, जरूर करा. फक्त "खाण्यापेक्षा व्यायामाकडे बघा" हे आपल्या कानावर कुठून आलं तेही बघा. कोका-कोलाने शास्त्रज्ञांच्या एका संस्थेला पंधरा लाख डॉलर दिले होते आणि ती संस्था हाच प्रचार करत होती, २०१५ मध्ये हे पेपरात आल्यावर काही महिन्यांत ती बंद झाली. आणि मुंबईत व्यायाम कुठे करायचा तेही सांगा, आमच्या मागच्या मैदानात अर्ध्या भागात गाड्या लागतात.

वडापाव. मी खाते, आवडीने खाते, आणि तो तळलेला आहे, वर मैद्याचा पाव आहे, रोज खाल्ला तर वजन वाढणारच, यात मी अजिबात वाद घालणार नाही. पण स्टेशनबाहेरचा वडापाववाला रात्री अकराला फोनवर "भूक लागली ना?" असं नोटिफिकेशन पाठवत नाही. त्याच्या वडापावचा लार्ज निघत नाही. त्याने सरकारी कमिटीत बसून लेबलचा नियम लांबवलेला नाही.

कारण लेबलचं तेच झालंय. पाकिटाच्या पुढच्या बाजूला साखर-मीठ-फॅट ठळक कळावं असा नियम एफएसएसएआयने, म्हणजे खाद्यपदार्थांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२२ ला मसुदा म्हणून काढला, तोही चिलीसारखा इशारा न देता स्टार देणारा. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. जबाबदारी माझी म्हणता ना, मग काय खातेय ते मला पाकीट उलटं न करता, चष्मा न लावता दिसू दे.

आणि एक नियम तर आधीपासून आहे. शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत असले जास्त साखर-मीठ-फॅटवाले पदार्थ विकायचे नाहीत, जाहिरात पण करायची नाही, २०२० चा नियम आहे. परवा मुलीला आणायला गेले तेव्हा मी पावलं मोजली. बत्तीसाव्या पावलाला चिप्सच्या माळा आणि कोल्ड्रिंकचा फ्रिज, फ्रिजवर कंपनीचंच चित्र. शनिवारी दहा वाजता पालकसभा आहे, नियमाची प्रिंट काढून ठेवलीय, अर्जावर आतापर्यंत अकरा सह्या झाल्यात. ज्यांनी तो मेसेज फॉरवर्ड केला त्यांच्यापैकी दोघांची मुलं आमच्याच शाळेत आहेत, त्यांनी पण या, सही कराच असं नाही, माझ्याबरोबर गेटपासून तेवढी बत्तीस पावलं चाला.