खुलासा : सगळे वाडे पुराने नेले नाहीत

‘पुण्याच्या पेठांतले सगळे वाडे आणि लाकडी पूल पानशेतच्या पुरात वाहून गेले’ असा मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. आमच्या फॅमिली ग्रुपवर तो तीनदा आला. (पहिल्यांदा आमच्या मामांनीच टाकला होता.)

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासला. नदीकाठी हाहाकार झाला, घरं, वाडे, दुकानं गेली, हे खरंच. पण लाकडी पुलाचं लाकूड त्याच्या कितीतरी आधी संपलं होतं. १९६१ साली तिथं दगडी पूल होता, फक्त नाव जुनं उरलेलं.

नदीपासून आत असलेले कितीतरी वाडे पुरानंतरही वर्षानुवर्षं उभे होते. ते पाडले रिडेव्हलपमेंटने. जुन्या पागडीच्या तुटपुंज्या भाड्यात मालक कौलंही बदलेना, भाडेकरूंनाही आत संडास असलेला फ्लॅट हवा होता. आमच्याच वाड्याचा दिंडीदरवाजा कड्याकोयंड्यासकट भंगारात गेला. बिल्डिंगच्या नावात ‘वाडा’ तेवढा राहिलाय.

भिडे वाड्याचं नावही या मेसेजमध्ये घुसडलंय. जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांची मुलींची १८४८ ची ती शाळा जिथं भरली, तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, आणि तोही स्मारकासाठी.