पोटरीतली गुठळी आणि पित्ताचा स्कॅन

नागपूरच्या महाल भागातल्या आत्याची डावी पोटरी चार दिवसांत इतकी सुजली की चपलेचा पट्टा लागेना. शिरेत रक्ताची गुठळी आहे का ते बघायला डॉक्टरांनी पायाचा डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, सांगितला. आत्या मात्र संकष्टीसारखी उपाशी बसून! कारण भिशीच्या ग्रुपवरचा मेसेज: 'डॉप्लर जुना झाला. हायडा स्कॅनमध्ये डोक्यापासून पायापर्यंतच्या सगळ्या गुठळ्या दिसतात. चोवीस तास कडक उपास करा. त्यातलं औषध गुठळी विरघळवतंही.' वाचून माझंच पित्त खवळलं.

हायडा हा यकृत आणि पित्तनलिकांचा स्कॅन. टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सर्गी पदार्थ जोडलेलं मेब्रोफेनिनसारखं रसायन शिरेतून देतात. यकृताच्या पेशी ते उचलून पित्तात सोडतात आणि कॅमेरा पित्ताची वाट बघत जातो. पित्ताशयाचं तोंड बंद झालंय का, नळी तुंबलीय का, ऑपरेशननंतर पित्त गळतंय का, एवढं त्यातून कळतं. पोटरीत गुठळी असो-नसो, चित्र तेच. अमेरिकेच्या न्यूक्लिअर मेडिसिन सोसायटीची या तपासणीवरची २०१० ची मार्गदर्शिका काढून बघितली. हा स्कॅन कशाकशासाठी करावा याची यादी आहे. त्यात पायातली गुठळी नाही.

उपासाची तर गंमतच. लागतात चारेक तास. चोवीस तासांच्या वर ताणलं तर पित्ताशय जुन्याच पित्ताने गच्च भरलेलं राहतं, औषध आत शिरत नाही आणि धडधाकट पित्ताशय आजारी ठरू शकतं.

विरघळवण्याबद्दल काय बोलू बाप्पा! ते औषध फक्त कॅमेऱ्याला दिसण्यापुरतं असतं. आणि आपण स्कॅनची वाट बघत बसलो की तेवढ्यात गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. माणूस दगावतो त्याने.

एक मात्र कबूल करावं लागतं. फुप्फुसातली गुठळी शोधायला न्यूक्लिअर स्कॅन खरंच आहे. त्यातही टेक्नेशियमच, पण अल्ब्युमिन या प्रथिनाच्या कणांवर बसवलेलं. रक्त जिथे पोचत नाही तो भाग रिकामा दिसतो. मेसेजवाल्याने बहुतेक हे दोन स्कॅन एकत्र कालवले.

राहिला 'जुना' डॉप्लर. धंतोलीत सोनोग्राफीवाल्या मॅडमनी मांडीवर प्रोब दाबला, तिथली शीर चपटी झाली. गुडघ्यामागे दाबला, तिथली गोलच्या गोल, कारण आत गुठळी असली की शीर दबत नाही. निदान तिथेच झालं.

रक्त पातळ करायची औषधं लगेच सुरू झाली. तो मेसेज पुढे कोणाकोणाला पाठवला, हे मात्र आत्या अजून सांगत नाहीये.