काक्षी फुटेल, पण गॅमा किरणांचा झोत सोडणार नाही

मृग नक्षत्रातला काक्षी, म्हणजेच बीटलज्यूस, लवकरच फुटणार, त्यातून गॅमा किरणांचा झोत सुटणार आणि पृथ्वीवरची जीवसृष्टी संपणार, असा मजकूर तो तारा २०१९-२० मध्ये अंधुक झाला तेव्हापासून फिरतो आहे. वर ‘१९९८ मध्ये हे सिद्धही झालंय’ अशी पुस्ती. शाळकरी मुलं हे वाचून खरोखर घाबरतात, म्हणून मुद्देसूद उत्तर द्यायला हवं.

‘१९९८ मध्ये सिद्ध झालं.’ सिद्ध झालं ते वेगळंच. २५ एप्रिल १९९८ रोजी बेपोसॅक्स उपग्रहाने एक गॅमा किरण स्फोट (अशा झोताची थोडाच वेळ टिकणारी चमक) टिपला आणि त्याच दिशेला १९९८बीडब्ल्यू हा सुपरनोव्हा, म्हणजे फुटलेला तारा, सापडला. मार्च २००३ मधल्या दुसऱ्या स्फोटाने हे नातं पक्कं झालं. पण हे दोन्ही सुपरनोव्हे ‘आयसी’ प्रकारचे होते. त्यांच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा नव्हत्या, हेलियमच्याही ठळक दिसल्या नाहीत. याचा अर्थ, फुटण्याआधीच त्या ताऱ्यांची बाहेरची आवरणं निघून गेली होती. कधी ताऱ्याचे स्वतःचे जोरदार वारे ती उडवून देतात, कधी जोडीदार तारा ती ओढून घेतो.

‘काक्षीचंही तसंच होईल.’ नाही, आणि सगळं इथेच अडतं. काक्षीचं हायड्रोजनचं आवरण अजून शाबूत आहे. त्याची त्रिज्या सूर्याच्या सातशे-आठशे पट धरली, तर केंद्रापासून पृष्ठभागापर्यंतचं अंतर कापायला प्रकाशालासुद्धा जवळपास अर्धा तास लागेल. झोत निर्माण करतं ते केंद्रात नुकतंच जन्मलेलं कृष्णविवर किंवा अतिचुंबकीय न्यूट्रॉन तारा, आणि हा जोर सहसा काही सेकंद ते दोन-चार मिनिटंच टिकतो. आवरण गमावलेला तारा फार तर सूर्याच्या काही पट मोठा असतो, त्यामुळे झोत त्याला भेदून बाहेर पडतो. काक्षीत तो आतच विरेल.

‘सुपरनोव्हा म्हटला की गॅमा स्फोट आलाच.’ आवरण नसलेल्या ताऱ्यांतही गॅमा स्फोट घडवणारे अगदी थोडे. २००९बीबी या सुपरनोव्हातून प्रकाशाच्या वेगाजवळ जाणारं द्रव्य बाहेर पडल्याचं रेडिओ वेधांत दिसलं (त्यात नारायणगावजवळच्या आपल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचाही वाटा होता), तरी गॅमा किरण स्फोट कुठल्याच उपग्रहाला आढळला नाही.

‘गॅमा किरणांचा धोका खरा आहे.’ हे मान्य. आपल्या दीर्घिकेत जवळ असा झोत थेट आपल्यावर आला, तर ओझोनचं नुकसान होईल. ९ ऑक्टोबर २०२२ चा स्फोट सुमारे दोन अब्ज प्रकाशवर्षांवरचा, तरीही आपल्या आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, त्याचा परिणाम मोजता आला. मात्र झोत काही अंशांइतकाच अरुंद असतो. विचार करायचाच तर धनू राशीतल्या, सुमारे ८,००० प्रकाशवर्षांवरच्या डब्ल्यूआर १०४ चा करावा. या जोडताऱ्यात खरंच आवरण गमावलेला तारा आहे आणि त्याच्या धुळीचं चक्र आपल्याला समोरून दिसतं, म्हणजे झोत आपल्याच दिशेने सुटू शकेल, म्हणून २००८ मध्ये चिंता व्यक्त झाली होती. केक वेधशाळेच्या वेधांतून मात्र त्या जोडताऱ्याची कक्षा ३० ते ४० अंश कललेली निघाली, म्हणजे झोत सुटलाच तरी तो आपल्या बाजूने निघून जाण्याची शक्यता जास्त.