तारांकित रकाने भरणे अनिवार्य

फॉर्म काय, कोणीही बनवतो. माणसाने एखादा रकाना रिकामा सोडला की त्याला काय ऐकवायचं, यात तुमचा खरा कस लागतो.

वेबपानं लिहायची भाषा असलेल्या एचटीएमएल५ ने या बाबतीत फारच निराशा केली आहे. रकान्याला नुसतं 'रिक्वायर्ड' (म्हणजे अनिवार्य) जोडलं की ब्राउझर स्वतःच 'प्लीज फिल आउट धिस फील्ड' असा फुगा दाखवतो, कर्सरही त्याच रकान्यात नेऊन ठेवतो. जावास्क्रिप्टची एक ओळ लिहावी लागत नाही. मग तुमचं कर्तृत्व ते काय राहिलं? सुदैवाने एक फट आहे. हा फुगा ब्राउझरच्या भाषेत बोलतो, तुमच्या पानाच्या नाही. सगळी वेबसाइट मराठीत आणि फुगा तेवढा इंग्रजीत. तेव्हा स्वतःचे संदेश लिहायला तुमच्याकडे सबळ कारण आहे. ते वाया घालवू नका.

आधी आवाज ठरवा. खिडकीपलीकडचा कारकून डोळ्यासमोर आणा, मान वर न करता 'कागद अपुरे आहेत' म्हणणारा. कुठला कागद, हे तो सांगत नाही. तुम्हीही सांगू नका. 'त्रुटी: कृपया वैध माहिती प्रविष्ट करा' एवढं पुरे. हा संदेश पानाच्या अगदी वरच्या टोकाला ठेवा. सबमिटचं बटण तळाशी असल्यामुळे तो कोणाच्या नजरेस पडणार नाही आणि अर्जदार दहा वेळा तेच बटण दाबत बसेल. रकान्याला फक्त लाल किनार द्या. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्यांनी आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी काय करायचं? ज्या रकान्यात चूक आहे तो शब्दांत सांगा, असं वेबच्या सुलभतेचे नियम 2008 सालापासून सांगत आहेत. नियम आहेत, ते कुठे जातात?

वेळही साधा. मोबाइल नंबराचा पहिला ९ टंकताक्षणी 'नंबर दहा अंकी असावा' असं लाल अक्षरांत दटावा. बाकीचे नऊ माणूस घाबरत घाबरत टंकेल.

नावाच्या रकान्याला मात्र सगळी प्रतिभा पणाला लावा. इंग्रजी ए ते झेड एवढीच अक्षरं चालतील, हा झाला नवशिक्यांचा नियम. तुमच्यासारख्या जाणकाराने सर्व भाषांना सामावून घ्यावं: युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या संगणकी नोंदवहीत, 'अक्षर' म्हणून नोंदलेलं काहीही चालेल, असा पॅटर्न लिहावा. ऐकायला किती उदार! गंमत अशी की वेलांटी, मात्रा, काना, अनुस्वार, जोडाक्षरातलं हलन्त ही युनिकोडच्या दफ्तरी अक्षरं नाहीत, 'चिन्हं' आहेत. त्यामुळे कमल, भरत, गणपत बिनबोभाट आत जातात. शिंदे, जोशी आणि कुलकर्णी दारातच अडकतात. खाली संदेश लिहा: 'नावात फक्त अक्षरे लिहा.' जोशीबुवा तीनदा स्वतःचं नाव तपासतील, मग चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे जातील. त्याला तुमचे सगळे संदेश आणि त्यांवरचे उतारे पाठ असतात. त्याचंही घर चालायला नको का?

मधलं नाव अनिवार्य ठेवाच. ज्याला ते नाही तो रकान्यात एक टिंब टाकून पुढे जाईल. मग टिंबावर बंदी घाला. तो 'एनए' लिहील; तेही अडवा. शेवटी तो काहीतरी अस्सल खोटं लिहील आणि तुमचा संदेश हिरवा होईल.

हे सगळं जमलं की हुकमी एक्का काढा: सेटकस्टमव्हॅलिडिटी. रकाना रिकामा दिसला की हे फंक्शन बोलवायचं आणि त्यात आपलं वाक्य भरायचं, 'कृपया आपले नाव लिहा' किंवा जे काय असेल ते. माणूस पुन्हा टंकू लागला की त्याच फंक्शनला रिकामी स्ट्रिंग, म्हणजे कोरा मजकूर, देऊन संदेश पुसावा लागतो. तो पुसू नका. एकदा चिकटवलेला संदेश आपण होऊन जात नाही, आणि तो असेपर्यंत ब्राउझरच्या लेखी रकाना चुकीचाच राहतो. म्हणजे माणूस नाव लिहितो, फुगा म्हणतो नाव लिहा. तो खोडून पुन्हा लिहितो. फुगा तेच म्हणतो. आज्ञा पाळूनही न सुटणं ही अवस्था इतक्या कमी कोडमध्ये दुसऱ्या कशाने साधत नाही.

याहून वरची पायरी म्हणजे संदेशच न दाखवणं. 'विवाहित' निवडल्यावरच उघडणारा जोडीदाराच्या नावाचा रकाना घ्या. तो सीएसएसने (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेने) लपवा, पण त्याचं 'रिक्वायर्ड' तसंच राहू द्या. अविवाहित अर्जदार बटण दाबतो आणि काहीच होत नाही. फुगा नाही, लाल रेघ नाही. लपलेल्या रकान्यावर कर्सर नेता येत नाही, म्हणून क्रोम तशी नोंद गुपचूप कन्सोलमध्ये, म्हणजे प्रोग्रामरसाठीच्या आतल्या खिडकीत, करून ठेवतो. बिचाऱ्याने कन्सोल उघडायचा अवकाश, अडचण लग्नाची आहे हे त्याला लगेच कळेल.

तरीही कोणी कुरकुर केलीच, तर आधी कॅशे क्लिअर करायला सांगा, मग दुसरा ब्राउझर वापरायला सांगा. त्यानेही भागलं नाही तर तक्रारीचा स्वतंत्र फॉर्म द्या. त्यात अर्ज क्रमांक अनिवार्य ठेवा. तो अर्ज सबमिट झाल्यावरच मिळतो.